आधी बेचक्यात बघ

कोरफडीचं पान तपकिरी दिसलं की लगेच ‘कीड पडली’ म्हणून फवाऱ्याची बाटली हातात घ्यायची नाही. कुंडीतल्या कोरफडीची बरीचशी दुखणी पाण्याची असतात, काही उन्हाची, आणि त्यातून उरतात ती किडीची. उपाय तिन्हींचे वेगळे. पाणी जास्त झालेल्या झाडावर तू रोज औषध मारत बसलीस, तर औषधाच्या निमित्ताने आणखी पाणीच जाणार आणि झाड बुडातून कुजणार. तेव्हा आधी बघायचं.

बघायचं कुठे? पानांच्या टोकाकडे सगळेच बघतात. किडीला लागतं बेचकं, म्हणजे पान जिथे खोडाला बिलगतं ती अरुंद खाच. तिथे ऊन नाही, वारा नाही, पक्ष्याची चोच पोचत नाही आणि पान कोवळं असतं. सकाळी तिरपा उजेड येतो तेव्हा कुंडी ग्रिलमधून खाली घे, एकेक पान दोन बोटांनी हलकेच बाजूला कर आणि आत डोकाव. जोर लावू नकोस, पान कडकन मोडतं. मग पानाची खालची बाजू, कुंडीचा आतला काठ, आणि शेवटी कुंडी उचलून बुडाचं भोक. हाताशी भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ धर आणि फोटो मोठा करून बघ. तुम्ही मुली झाडांचे इतके फोटो काढता, त्यात बेचक्याचा एकही नसतो.

डाग सापडला तर दोन परीक्षा करायच्या. पहिली नखाची. डागावर नख घास. खपली सुटून आली आणि खाली हिरवं पान दिसलं, तर ती खवले कीड. काहीच सुटलं नाही, तर तो पानाचा स्वतःचा व्रण. दुसरी पेनाची. डागाच्या कडेकडेने मार्करची बारीक रेघ ओढून ठेव. आठ-दहा दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेलेला दिसला तर दुखणं चालू आहे. आतच असेल तर ते कधीच संपलंय. कोरफडीच्या पानावरचा व्रण भरून येत नाही, पान असेपर्यंत तो राहतो. त्याच्यावर औषध ओतून काही साधत नाही.

आणि जे मुळात दुखणंच नाही, तेही ओळखायला शीक. कोवळ्या पिल्लांच्या पानांवर पांढुरके ठिपके असतात. ते जन्मजात आहेत, वय वाढलं की बहुधा कमी होतात. ते कीड समजून ब्रशाने घासणारी माणसं मी पाहिली आहेत. तळाची एक-दोन पानं हळूहळू सुकून कागदासारखी होतात, तेही वयाने. सुकलं पान बाजूला ओढून काढून टाक. त्याच्याखाली ओल आणि कीड दोन्हींना आयती जागा होते.

आता पाणी. पान बारीक झालं, कडा आत वळल्या, वर पन्हळ पडली, पण हाताला चिवट लागतंय, तर झाड तहानलेलं आहे. एकदा भरपूर पाणी दे, दोन-चार दिवसांत पान परत फुगतं. उलट पान फुगलेलं पण लिबलिबीत, पाणचट, आरपार उजेड दिसेल असं, आणि बुडाशी तपकिरी होत गेलेलं असेल, तर पाणी जास्त झालंय. लोक नेमके इथे चुकतात. पान लोंबलं म्हणून आणखी पाणी घालतात, आणि मुळं तर आधीच गेलेली असतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, त्यामुळे ओल्या मातीत उभं झाडसुद्धा वरून तहानलेलं दिसतं. म्हणून पानावर विश्वास ठेवायचा नाही, मातीला विचारायचं. संपलेल्या उदबत्तीची काडी कुंडीत खोल खुपस आणि काढ. माती चिकटून आली तर पाणी नाही. काडी कोरडी आली तरी मी आणखी दोन दिवस थांबते.

ही कोरड्या मुलखातली वनस्पती आहे, अरबस्तानाच्या बाजूची. दिवसा ती पानांची सूक्ष्म छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते, त्यामुळे उन्हात तिचं पाणी फार उडत नाही. तुला तिची सहनशक्ती बघायची असेल तर आपल्याकडे दृष्ट लागू नये म्हणून दुकानांच्या आणि घरांच्या दारावर मुळं वर करून टांगलेली कोरफड बघ. माती नाही, पाणी नाही, तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते, शेंडा वर वळवते. अशा झाडाला रोज सकाळी देवपूजा आटोपली की तांब्याभर पाणी म्हणजे छळच. पावसाळ्यात ती पागोळीखाली नको, कोकणात तर अजिबातच नको. तुमच्या इमारतीत आणखी एक गोष्ट बघ: वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी तुझ्या कुंडीत टपकतंय का. आणि कुंडीखालची ताटली. त्यात साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं.

बुडाशी लिबलिबीत झालं आणि वास मारायला लागला, तर मात्र वाट बघू नकोस. कुंडी आडवी करून झाड बाहेर काढ, माती झटक, मुळं धू. पिवळसर-पांढरं, ताठ मूळ चांगलं. काळपट मूळ चिमटीत धरून ओढलं की साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. ते सगळं काप. सुरी आधी स्पिरिटने पूस, आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पूस. सुरीवरूनच कूज एका झाडातून दुसऱ्यात जाते. आत घट्ट, स्वच्छ, बिनवासाचा भाग लागेपर्यंत कापत जा. मग झाड वर्तमानपत्रावर सावलीत तसंच पडू दे, जखम सुकून कडक होईपर्यंत. चार दिवस लागोत नाहीतर आठवडा, तिला काही होत नाही. पुन्हा लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. मधला कोंबच कुजला असेल तर आईचा नाद सोड आणि बाजूची पिल्लं वाचव. नुसतं पान मातीत खोचून कोरफड सहसा लागत नाही, पान सडतं. पिल्लू मुळासकट हवं.

माती बदलायचीच आहे तर नीट बदल. दोन वाटे लाल माती, दोन वाटे जाड वाळू, एक वाटा चाळलेलं जुनं शेणखत, आणि हाताशी असेल तर कोळशाचा चुरा. वाळू चौपाटीवरची आणू नकोस, त्यात मीठ असतं. कुंडी मातीची घे. ती अंगातून पाणी बाहेर सोडते. प्लास्टिकची छान दिसते, पण पावसाळ्यात तीच घात करते.

उन्हाचं थोडक्यात सांगते. नर्सरीतली कोरफड हिरव्या जाळीखाली वाढलेली असते. ती आणून थेट पश्चिमेच्या गॅलरीत ठेवली की पानं तांबूस-तपकिरी होतात. कीड नाही, रोग नाही, झाडाने उन्हासाठी रंग बदललाय. थोडी सावली दिली की हिरवी होतात. उन्हाच्या बाजूलाच कोरडा, फिकट चट्टा पडला असेल तर तो भाजल्याचा, तो जाणार नाही. ऊन हळूहळू वाढवत न्यायचं, एवढंच. आणि पानं फिकट, लांबट होऊन चपटी पसरली तर उजेड कमी पडतोय.

आता खरी कीड. कुंडीवर मुंग्यांची रांग चढताना दिसली की समज, वर काहीतरी गोड आहे. मुंग्या कोरफड खात नाहीत. पानाचा रस शोषणारी कीड जो गोड चिकटा टाकते, त्यासाठी त्या येतात. त्या बदल्यात त्या किडीची राखण करतात, तिच्या शत्रूंना हाकलतात. चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते, पानं काजळी फासल्यासारखी दिसतात. काळं दिसलं म्हणून बुरशीचं औषध आणू नकोस. चिकटा थांबला की काजळी ओल्या फडक्याने पुसून जाते.

हा चिकटा बहुतेक वेळा पिठ्या ढेकणाचा, ज्याला द्राक्षवाले मिलीबग म्हणतात. बेचक्यात पांढरा कापूस अडकलाय असं वाटतं. तो कापूस काडीने उकर. आत तांदळाच्या कणीहून लहान, गुलाबी-राखाडी, चपटा लंबगोल जीव दिसेल, अंगावर पीठ भुरभुरलेलं आणि कडेने बारीक झालर. कापसाच्या पुंजक्यात त्याची अंडी असतात, शेकड्यांनी. अंड्यातून निघालेली पिल्लं पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी, आणि पळत असतात. वाऱ्याने, मुंग्यांनी, तुझ्या हाताने ती शेजारच्या कुंडीत जातात. मोठी झाल्यावर फारशी हलत नाहीत.

माझ्या आईने, म्हणजे तुझ्या आजीने, झाडांच्या बाबतीत एक क्रम घालून दिला होता: आधी हात, मग पाणी, मग साबण, मग तेल, आणि बाटली सगळ्यांत शेवटी. पिठ्या ढेकणाला तो क्रम अगदी चपखल बसतो. हात म्हणजे वेचणं. औषधाच्या दुकानात सर्जिकल स्पिरिट मिळतं, ते आण. कान साफ करायच्या कापसाच्या काडीला ते लाव आणि एकेका ढेकणाला टेकव. पांढरं पीठ विरघळून खालचा तपकिरी जीव उघडा पडला की काम झालं. हे पीठ मेणाचं असतं, म्हणून नुसतं पाणी मारलं तर ते घरंगळून जातं आणि ढेकूण आत कोरडा राहतो. अख्खं झाड स्पिरिटने न्हाऊ घालायचं नाही, पानावरचाही मेणाचा थर जातो. गॅसपासून लांब बसून हे काम कर, स्पिरिट पटकन पेटतं.

वेचून झालं की झाड धू. नळाला नळी लावून बेचक्यात पाण्याचा बारीक झोत मार, पण कुंडी आडवी धरून, म्हणजे पाणी मधल्या कोंबात साचणार नाही. माती सांडू नये म्हणून कुंडीच्या तोंडाला पिशवी बांध. तासाभराने साबण. एक लिटर पाण्यात छोटा चमचाभर सौम्य पातळ साबण. भांड्यांचा तेलकटपणा काढणारा कडक नको. आजी रिठे वापरायची, रात्री भिजत घालून सकाळी कुस्करून गाळून घ्यायची. रिठ्याचं पाणी मला अजूनही जास्त पसंत आहे, कारण ही कोरफड पुढे आपल्याच केसांना लागते.

एवढ्याने भागलं नाही तर कडुनिंबाचं तेल. लिटरला ५ मिली. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी कोमट पाण्यात साबण घाल, मग तेल, मग दणकून हलव. केलेलं त्याच दिवशी संपव. थंडीत बाटलीतलं तेल थिजतं, तेव्हा बाटली गरम पाण्यात उभी करायची. पहिल्यांदा एकाच पानावर मारून दोन दिवस थांब. पान डागाळलं नाही तर सगळ्यांवर. संध्याकाळी मारायचं, ऊन उतरल्यावर. दुपारी तेल मारून झाड उन्हात ठेवलं की पान भाजतं, आणि माणसं म्हणतात कीड वाढली.

एकदा करून थांबलं तर सगळं फुकट. कापसातली अंडी साबणाला दाद देत नाहीत. साधारण आठवडाभराने नवी पिल्लं बाहेर येतात, तेव्हा पुन्हा गाठायचं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी एकदा. दर रविवारी, लागोपाठ तीन-चार रविवार. मधला एक रविवार लग्नाला गेलीस तर पुन्हा पहिल्यापासून.

मुंग्यांचाही बंदोबस्त हवाच, नाहीतर त्या ढेकणांची पिल्लं उचलून परत आणतात. पूर्वी दुधा-तुपाच्या जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे. तसंच कुंडीचा स्टँड घे आणि त्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव. वाटीत डासांची पैदास होऊ नये म्हणून पाणी दोन-तीन दिवसांनी बदल आणि थेंबभर साबण घाल. पान भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेलं नको, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

कधीकधी वर काहीच दिसत नाही, पाणी बरोबर आहे, ऊन बरोबर आहे, आणि झाड वर्षभर जागचं हलत नाही. तेव्हा कुंडीतून काढून बघ. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी भुकटी दिसली तर तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण. ती माती सगळी टाकून द्यायची, दुसऱ्या कुंडीत वाटून नाही. मुळं साबणाच्या पाण्यात धुवायची, सावलीत सुकवायची, कुंडी उकळत्या पाण्याने धुवायची, मग नवी माती. ‘चांगली माती आहे, मोगऱ्याला घालते’ हा आपल्या घरातल्या सगळ्या बायकांचा मोह, तो आवर.

मारायचा हात चालवण्याआधी एक गोष्ट मात्र बघून घे. पिठ्या ढेकणांच्या गर्दीत कधी एखादा बराच मोठा, अंगावर लांब पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असलेला, भराभर चालणारा जीव दिसतो. तो ढेकणांचा राजा वगैरे नाही, तो त्यांना खाणारा आहे: क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. वेष ढेकणाचा, पोटात ढेकूण. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला, आणि १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो भारतात आणला गेला. नाशिक-सांगलीकडचे द्राक्षवाले तो पैसे मोजून बागेत सोडतात. तुझ्याकडे तो फुकट आला असेल तर त्या कुंडीवर काहीही मारू नकोस.

खवले कीड नखाने किंवा जुन्या मऊ टूथब्रशाने खरवडून निघते. पुढे तोच साबण, तेच तेल, तेच रविवार. मावा बेचक्यात आणि फुलांच्या दांड्यावर गोळा होतो. तो मऊ असतो, जोराच्या पाण्यानेच निम्मा जातो. उन्हाळ्यात पानांवर फिकट बारीक ठिपक्यांची रांगोळी आणि कुठे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मार, चालणारे ठिपके पडले तर तोच. त्याला कोरडी, धुळकट हवा मानवते, म्हणून झाड धुऊन काढणं हेच मोठं औषध.

एका किडीला मात्र दयामाया नाही. पानाच्या बुडाशी किंवा फुलांच्या दांड्यावर वेडेवाकडे, खडबडीत, गाठीगाठींचे फुगवटे यायला लागले, तर ती गाठी करणारी कोळी कीड. ती डोळ्याला दिसतच नाही, फुगवट्याच्या आत बसते, त्यामुळे वरून मारलेलं काही तिच्यापर्यंत पोचत नाही. केसांना लावायच्या साध्या कोरफडीपेक्षा हौसेने आणलेल्या रंगीबेरंगी जातींवर ती जास्त येते. गाठीचा भाग खालच्या चांगल्या भागासकट काप, पिशवीत घालून घट्ट बांध आणि कचऱ्यात दे. कंपोस्टच्या डब्यात नाही. गाठ पुन्हा उगवली तर झाडच काढ. महागाचं असलं तरी काढ; ही कीड वाऱ्यावर जाते.

पावसाळ्यात सकाळी पान कुरतडलेलं आणि त्यावर वाळलेली चकचकीत रेघ दिसली तर गोगलगाय. ती दिवसा कुंडीखाली झोपते. रात्री टॉर्च घेऊन जा आणि चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाक. मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय उघड्या हाताने धरू नकोस, तिच्या अंगात माणसाला बाधणारे सूक्ष्म कृमी असू शकतात. २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडची कोवळी सोयाबीन याच शंखी गोगलगायींनी फस्त केली होती, तेव्हा ‘एकच तर आहे’ असं म्हणू नये. तिच्यावर मीठ टाकायचं तर बादलीत टाक, कुंडीत नको. मातीत मीठ गेलं की कोरफडीचीच मुळं जातात.

दमट दिवसांत नारिंगी-तपकिरी, गोलसर ठिपके पडतात, तो तांबेरा किंवा करपा. फार पसरलेली पानं काप, पानांवर पाणी घालणं बंद कर, कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेव. पाऊस सरला की बहुधा आटोक्यात येतो.

राहिली बाटली. नर्सरीवाला देईल ते औषध बहुधा आंतरप्रवाही असतं, म्हणजे मुळांतून किंवा पानांतून झाडाच्या रसात शिरणारं. गुलाबाला चालेल. पण कोरफडीचा गर तू चेहऱ्याला लावणार, तुझी सासू सकाळी पोटात घेणार, मग ते विष गेलं कुठे? ज्या कोरफडीचा गर वापरायचा तिला हे मारायचंच नाही. शोभेच्या कोरफडीला अगदी मारायचंच झालं, तर ती कुंडी वेगळी ठेव, खूण कर आणि घरात सगळ्यांना सांग. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघत जा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. साबण-तेलाचा उपाय चालू असतानाही पान कापू नकोस. तो संपून झाड दोन-तीनदा धुतलं की मग काप. पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेव, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. त्याने अंगाला खाज येते, पोटात गेला तर जुलाब होतात.

नवीन कोरफड आणलीस, मग ती नर्सरीतून असो की शेजारणीने प्रेमाने दिलेलं पिल्लू असो, महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेव. शेजारणीची माती घरात घ्यायची नाही. पिल्लाची माती झटक, मुळं धू, बेचकी तपास, दोन दिवस सुकव, मग आपल्या मातीत लाव. तू कुणाला पिल्लू देशील तेव्हाही तसंच धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून दे. आणि दारावर टांगलेली कोरफड विसरू नकोस. महिन्यातून एकदा तीही खाली उतरव. पिठ्या ढेकूण तिथेही चढतो, आणि तिथून तो थेट ग्रिलमधल्या कुंड्यांवर येतो.